एक दार, २९ बिऱ्हाडं: युरोपच्या व्हिसाचं प्रकरण सोप्या भाषेत

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एकाच दिवशी तीन फॉरवर्ड आले. पहिल्यात होतं की युरोपने पासपोर्टवर शिक्के मारणं बंद केलंय. दुसऱ्यात होतं की आता युरोपला व्हिसाच नको, २० युरो भरायचे आणि ऑनलाइन परवानगी घ्यायची की झालं. तिसऱ्यात, जर्मनीने सगळ्या सीमा बंद केल्या. पहिला बराचसा खरा, दुसरा आपल्यापुरता साफ खोटा आणि तिसरा म्हणजे सुतावरून स्वर्ग. पण मावशी घाबरली, कारण तिची लेक म्युनिकला असते, जानेवारीत नातीचं बारसं झालं तेव्हा मावशी २० दिवस जाऊन आली, आणि आता लेकीची सुट्टी संपतेय म्हणून १५ एप्रिल ते १३ जुलै असं तिकीट काढून बसलीये. बरोब्बर ९० दिवस, बोटांवर मोजून.

तिचा फोन आला, "अरे माझा व्हिसा चालेल ना?" मी म्हटलं फोटो पाठव. व्हिसा एकदम व्यवस्थित होता, वर्षभराचा, मल्टिपल एंट्रीवाला. तिन्ही फॉरवर्डचा तिला काही त्रास नव्हता. घोळ होता तो परतीच्या तारखेत, आणि ते ग्रुपवर कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. म्हटलं आता हे एकदा नीट लिहूनच काढू.

आधी वाडा समजून घ्या

पुण्यातला जुना वाडा डोळ्यापुढे आणा. एक मोठा दरवाजा, त्याच्यावर राखणदार, आत चौक आणि चौकाभोवती बिऱ्हाडं. दारावर तुम्हाला विचारणार, कोणाकडे आलात, किती दिवस राहणार. एकदा आत गेलात की मग जोश्यांकडून कुलकर्ण्यांकडे जायला कोणी विचारत नाही, चप्पल घालायची आणि चौक ओलांडायचा.

शेंगेन म्हणजे हा वाडा. आज त्यात २९ देश आहेत. शेंगेन हे खरं तर लक्झेंबर्गमधल्या एका छोट्या गावाचं नाव, मोझेल नदीच्या काठावर, जिथे लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि जर्मनीच्या हद्दी एकत्र येतात. १४ जून १९८५ ला तिथे नदीत उभ्या असलेल्या बोटीवर पाच देशांनी करार केला की आपण आपसातली तपासणी काढून टाकू: बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि तेव्हाचं पश्चिम जर्मनी. प्रत्यक्षात नाके उठायला २६ मार्च १९९५ उजाडलं. म्हणजे ठरवल्यापासून जवळजवळ दहा वर्षं, सरकारी कामाला वेळ सगळीकडेच लागतो. मग बिऱ्हाडं वाढत गेली, क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला आला आणि रोमेनिया-बल्गेरिया आधी विमानतळ आणि बंदरांपुरते आणि मग १ जानेवारी २०२५ पासून रस्ता-रेल्वेनेही पूर्ण आत आले.

"युरोपात सीमाच नाहीत" असं सगळे म्हणतात ना, ते तितकंसं खरं नाही. खोल्यांमधल्या कड्या काढल्या म्हणून वाडा उघडा पडला नाही, उलट मोठ्या दरवाजाला दुप्पट कुलपं लागली. आतला एखादा पोलिस तुम्हाला थांबवणार नाही हे गृहीत धरायचं असेल तर दारावरच्या माणसाने सगळ्यांच्या वतीने नीट बघायला हवं, हा हिशोब आहे. पुढचे जवळजवळ सगळे नियम ह्या एका गोष्टीतून निघतात, व्हिसाची कागदपत्रं असोत, ९० दिवस असोत की नवीन मशीन.

आणि हे दार फक्त युरोपात नाहीये बरं का. ते मुंबई विमानतळावर चेक-इन काउंटरवरच सुरू होतं. योग्य व्हिसा नसलेला प्रवासी विमानातून नेला तर विमान कंपनीला दंड बसतो आणि त्याला परत आणायचा खर्चही तिच्या माथी येतो, त्यामुळे काउंटरवरची मुलगी तुमचा व्हिसा उलटसुलट करून बघते ती काही उगाच खुसपट काढत नसते.

युरोप, युनियन, युरो आणि शेंगेन ह्या चार वेगळ्या गोष्टी आहेत

बहुतेकांची गल्लत इथे होते. युरोप हा खंड. युरोपियन युनियन ही २७ देशांची भिशी समजा, पैसा, व्यापार, कायदे असं बरंच काही एकत्र चालतं. युरो हे चलन. आणि शेंगेन हा वाडा. भिशीतले सगळे वाड्यात राहत नाहीत आणि वाड्यातले सगळे भिशीत नाहीत.

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि चिमुकलं लिश्टेनस्टाइन हे चौघं वाड्यात आहेत पण युनियनमध्ये नाहीत. म्हणून शेंगेन व्हिसावर तुम्ही युंगफ्राउला जाऊन बर्फ खेळू शकता पण तिथे फ्रँक चालतो, आणि हद्दीवर पासपोर्ट बघितला नाही तरी सामान बघायला कस्टमवाला येऊ शकतो. उलट आयर्लंड भिशीत आहे, युरोही वापरतं, पण वाड्यात नाही. त्यांचं ब्रिटनशी जुनं येणंजाणं आहे, दोघांमध्ये वेगळी व्यवस्था आहे आणि ती त्यांना मोडायची नाही. सायप्रस युनियनमध्ये आहे पण हे लिहितोय तोवर शेंगेनमध्ये यायचंय.

ब्रिटन तर शेंगेनमध्ये कधी नव्हतंच. ब्रेक्झिटमुळे शेंगेन व्हिसा लंडनला चालेनासा झाला असं बरेच जण सांगतात, पण तो आधीही चालत नव्हता. लंडन-पॅरिस अशी ट्रिप असेल तर व्हिसे दोन, फिया दोन, बोटांचे ठसेही दोनदा. गंमत म्हणजे लंडनहून युरोस्टार ट्रेनने पॅरिसला निघालात तर फ्रान्सचे पोलिस तुमचा पासपोर्ट लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरच बघतात, आणि येताना ब्रिटनचे अधिकारी पॅरिसला बसलेले असतात. म्हणजे दाराची चौकट एका देशात आणि राखणदार दुसऱ्या देशाचा.

व्हिसा एका देशाचा, मग फिरायचं २९ मध्ये कसं?

वाड्यात शिरताना तुम्ही कोणाकडे आलात ते सांगावं लागतं, तसंच इथे. अर्ज एकाच देशाकडे करायचा. कोणाकडे? ज्याच्याकडे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. एवढंच आहे, पण ह्यावरून जेवढे गैरसमज आहेत तेवढे कशावरूनच नसतील.

एक म्हणजे "ज्या देशाचा व्हिसा तिथेच आधी उतरावं लागतं". नाही. फ्रान्समध्ये सहा दिवस आणि इटलीत तीन दिवस असं असेल तर व्हिसा फ्रान्सचा, पण उतरा खुशाल रोमला. आणि एक म्हणजे "अमुक देश पटकन व्हिसा देतो, त्याचा काढू आणि मग जाऊ कुठेही". हे मात्र करू नका. व्हिसा एका देशाचा आणि तिकीट, हॉटेल सगळं दुसरीकडचं असेल तर दारावरचा अधिकारी विचारू शकतो की हे काय, आणि समाधान झालं नाही तर तिथूनच परत पाठवू शकतो. व्हिसा म्हणजे आत जायची हमी नाही, दारापर्यंत यायची परवानगी आहे. प्लॅन खरंच बदलला तर तो वेगळा भाग, पण मग बदलल्याचं दाखवता आलं पाहिजे.

अजून एक, विमान बदलताना गोंधळ होतो. मुंबई-फ्रँकफर्ट-रोम असं तिकीट असेल तर इमिग्रेशन फ्रँकफर्टला होतं, रोमला नाही, कारण फ्रँकफर्ट म्हणजेच वाड्याचं दार. पुढचा प्रवास चौकातला, पुणे-नागपूर विमानासारखा. त्यामुळे फ्रँकफर्टला मधला वेळ पाऊण तासाचा असेल तर ते तिकीट घेऊच नका, तिथली लाइन हलत नाही.

स्टिकर कसा वाचायचा

पासपोर्टवर चिकटवलेल्या त्या हिरवट कागदावर तीन गोष्टी बघायच्या. एक, कधीपासून कधीपर्यंत. दोन, किती वेळा आत जाता येईल, ०१, ०२ किंवा मल्ट. तीन, राहायचे दिवस किती.

पहिली आणि तिसरी गोष्ट वेगळी आहे हे सगळ्यात महत्त्वाचं. समजा तारखा १ मे ते ३० मे आहेत आणि दिवस १५ लिहिलेत, तर ३० दिवस राहता येत नाही. त्या ३० दिवसांच्या खिडकीत कुठलेही १५ दिवस मिळतात, विमान लांबलं, आजारपण आलं तर थोडी सवड असावी म्हणून खिडकी मोठी असते. लोक फक्त शेवटची तारीख बघतात आणि फसतात.

एंट्रीचं पण तसंच. सिंगल एंट्री असेल आणि तुम्ही मधेच वाड्याबाहेर गेलात, उदाहरणार्थ पॅरिसहून दोन दिवस लंडन आणि परत पॅरिस, तर परत येताना तुमच्याकडे व्हिसा नाही. स्पेन आणि फ्रान्सच्या मधे डोंगरात अँडोरा नावाचा इवलासा देश आहे, शॉपिंगला लोक तिकडे जातात, तोसुद्धा शेंगेनमध्ये नाही, तेव्हा कागदावर तीच गत. व्हॅटिकन आणि सॅन मरिनोला तसलं काही नाही, त्यांच्याकडे जायचा रस्ताच इटलीतून आहे आणि मधे नाका नाही.

९० दिवसांची पंगत

आता मावशीच्या घोळाकडे येऊ. नियम असा वाचायला मिळतो: "कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस". हा वाचला की माणसाला वाटतं सहा महिन्यांचा कोटा असतो, जानेवारी ते जून एक आणि जुलै ते डिसेंबर दुसरा. किंवा मावशीसारखं वाटतं की दर ट्रिपला ९० दिवस. दोन्ही चूक. मोबाईलचा डेटा कसा पहिल्या तारखेला परत भरून येतो तसं इथे काही होत नाही.

अशी कल्पना करा की १८० पाटांची एक लांबलचक पंगत आहे. रोज रात्री ह्या टोकाला आजच्या दिवसाचा एक पाट मांडला जातो आणि त्या टोकाचा सगळ्यात जुना पाट उचलला जातो. तुम्ही शेंगेनमध्ये असाल त्या दिवसाच्या पाटावर ताट वाढलेलं, नसाल त्या दिवशी पाट रिकामा. अट एकच, कुठल्याही दिवशी मोजलं तरी वाढलेली ताटं ९० च्या वर जाता कामा नयेत. आलात तो दिवस आणि गेलात तो दिवस, दोन्ही पूर्ण धरतात, रात्री अकराला उतरलात तरी ते ताट वाढलेलंच.

मावशी १० ते २९ जानेवारी २०२६ तिथे होती. २० ताटं. आता ती १५ एप्रिलला पोचणार, तेव्हा ती २० ताटं अजून पंगतीतच आहेत. त्यातलं पहिलं, १० जानेवारीचं, उचललं जाणार ९ जुलैला. म्हणजे तोपर्यंत तिच्याकडे उरले फक्त ७०. एप्रिलचे १६ दिवस, मेचे ३१, झाले ४७, आणि जूनचे २३. तेव्हा २३ जूनला तिने शेंगेनबाहेर पडलंच पाहिजे. तिचं तिकीट १३ जुलैचं, म्हणजे २० दिवस जास्त. आणि तिच्या व्हिसावर तर वर्षभराची तारीख आहे, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसणार.

सलग राहणाऱ्यांसाठी सोपं उदाहरण. कोणी १ एप्रिलला गेलं आणि २९ जूनला परत आलं तर बरोबर ९० दिवस झाले. मग परत कधी जाता येईल? सगळ्यात लवकर २८ सप्टेंबरला. त्या दिवशी १ एप्रिलचं ताट पंगतीतून गेलेलं असतं, आणि पुढे रोज एक जुनं ताट उचललं जातं आणि एक नवं वाढलं जातं, त्यामुळे मग परत ९० दिवस सलग राहता येतात. अर्थात व्हिसाची तारीख आणि त्यावर लिहिलेले दिवस तेवढे असतील तरच. हातानं मोजायचं नसेल तर युरोपियन कमिशनच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे, तारखा टाकल्या की सांगतो.

आणि हे दिवस २९ देशांचे मिळून मोजतात. "जर्मनीत ६० झाले, आता ३० इटलीत आणि मग परत ९० स्पेनमध्ये" असं नाही चालत. वाडा एक, पंगत एक.

ज्यांच्याकडे तिकडचा लांब मुदतीचा व्हिसा किंवा राहण्याचं परमिट आहे, म्हणजे जर्मनीत शिकणारी आपली मुलं वगैरे, त्यांचे जर्मनीतले दिवस ह्या पंगतीत येत नाहीत. मात्र ते सुट्टीत बाकी शेंगेन देशांत फिरतात तेव्हा त्यांनाही तेच ९०-१८० लागू. आणि फिरता येतं, नोकरी करता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा. जर्मन परमिटवर डब्लिनला जाता येईल का, असंही विचारतात. नाही, वर सांगितलं तसं आयर्लंड वाड्याबाहेर.

"पण शिक्केच बंद झाले, मग कोण मोजतंय?"

हा प्रश्न आमच्या काकांचा. त्यांना वाटलं शिक्का नाही म्हणजे पुरावा नाही. उलटं आहे.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने एंट्री-एक्झिट सिस्टीम सुरू केली, ईईएस म्हणतात तिला. ती हळूहळू एकेका नाक्यावर आणत १० एप्रिल २०२६ पर्यंत सगळीकडे लागू करायची असं वेळापत्रक ठरलं. पूर्वी अधिकारी शिक्का मारायचा आणि जाताना दुसरा अधिकारी पानं उलटून तारखा शोधायचा, पुसट शिक्का, आडवा शिक्का, व्हिसाच्या पानामागे मारलेला शिक्का, अंदाजपंचे कारभार. आता तुमचा पासपोर्ट, चेहऱ्याचा फोटो आणि आल्या-गेल्याची तारीख कॉम्प्युटरमध्ये जाते आणि कॉम्प्युटर स्वतः ताटं मोजतो. ज्यांना व्हिसा लागत नाही अशा परदेशी लोकांच्या बोटांचे ठसेही घेतात. आपले ठसे व्हिसाच्या वेळी आधीच घेतलेले असतात, ते तपासून बघता येतात. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

नोंद साधारण तीन वर्षं राहते आणि बाहेर पडल्याची नोंदच झाली नाही तर पाच वर्षं. त्यामुळे "दोन दिवसांनी काय होतंय" हा आपला लाडका युक्तिवाद आता ठेवून द्या. जास्त राहिल्यावर देशानुसार दंड होतो, काही वेळा काही वर्षं प्रवेशबंदी, आणि काही नाही झालं तरी पुढच्या व्हिसाच्या वेळी समोरच्याच्या स्क्रीनवर ते दिसतं. पहिल्यांदा नोंद करताना लाइनीत वेळ जातो हे मात्र खरंय, म्हातारी माणसं बरोबर असतील तर पुढची फ्लाइट लगेचची ठेवू नका.

"मग ते २० युरोवालं काय आहे?"

ते एटियास. ज्यांना युरोपचा व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी ही ऑनलाइन आगाऊ परवानगी. अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाले. २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करायचं ठरलंय, फी २० युरो, तीन वर्षं चालते, १८ च्या आतले आणि ७० च्या वरचे ह्यांना फी नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांचा ह्याच्याशी संबंध नाही, आपल्याला पूर्वीसारखाच व्हिसा लागणार. न्यू जर्सीतल्या तुमच्या भाच्याकडे अमेरिकन पासपोर्ट असेल तर त्याला एटियास लागेल, आणि त्याच्या बायकोकडे ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट असेल तर तिला शेंगेन व्हिसा लागेल. एका घरात दोन नियम, ट्रिप ठरवताना हे आधीच बघा नाहीतर नवरा पॅरिसला आणि बायको घरी. आणि हो, एटियासच्या नावाने पैसे उकळणाऱ्या साइट आत्तापासूनच दिसायला लागल्यात. अजून सुरूच न झालेल्या गोष्टीचा फॉर्म कोणी भरून घेत असेल तर समजून जा.

"सीमा नाहीत म्हणता, मग ट्रेनमध्ये पोलिस कशाला?"

साल्झबर्गहून म्युनिकला येत होतो, फ्रायलासिंग स्टेशनला गाडी थांबली आणि दोन पोलिस चढले. पासपोर्ट. माझा पासपोर्ट वरच्या रॅकवरच्या बॅगेत, चिवड्याच्या डब्याखाली. अख्खा डबा माझ्याकडे बघतोय आणि मी फरसाण बाजूला करतोय. समोरच्या जर्मन आजींनी तेवढ्यात चार दाणे उचलून चाखले पण.

तर असं आहे की वाड्याच्या नियमातच एक कलम आहे, आणीबाणी असेल तर एखादं बिऱ्हाड काही काळ आपल्या खोलीच्या दारात उभं राहून येणाऱ्याला विचारू शकतं. २०१५ मध्ये निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा जर्मनीने ऑस्ट्रियाच्या हद्दीवर हे सुरू केलं, त्याच वर्षी पॅरिसच्या हल्ल्यांनंतर फ्रान्सने केलं, आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्याच जमिनी सीमांवर सुरू केलं. नाव "तात्पुरती तपासणी", पण मुदत संपत आली की वाढवतात. मला विचाराल तर दहा दहा वर्षं चालणाऱ्या गोष्टीला तात्पुरती म्हणणं जरा जास्तच झालं. पण सीमा बंद झाल्या हा फॉरवर्ड तरीही खोटाच, कारण व्हिसा व्यवस्थित असेल तर तुम्हाला कोणी अडवत नाही, फक्त पासपोर्ट बघतात. म्हणून तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून शेजारच्या देशात दिवसभराच्या ट्रिपला जाऊ नका, झेरॉक्स आणि मोबाईलमधला फोटो चालत नाही.

गोव्यातले लोक कसे बिनधास्त जातात?

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालच्या कायद्याने आपला जन्म तिकडे नोंदवून नागरिकत्व घेता येतं, आणि पोर्तुगाल युनियनमध्ये असल्याने तो माणूस युनियनचा नागरिक होतो. म्हणजे पाहुणा नाही, बिऱ्हाडकरूच. त्याला ९०-१८० नाही, व्हिसा नाही, तो डब्लिनलाही राहून नोकरी करू शकतो. पूर्वी बरेच जण ह्या पासपोर्टवर थेट ब्रिटनमध्ये स्थायिक व्हायचे, ते दार ब्रेक्झिटनंतर २०२० च्या अखेरीला बंद झालं. किंमतही आहे, भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो.

"आपल्यावरच एवढा संशय का?"

बँक स्टेटमेंट, सुट्टीचं पत्र, हॉटेल बुकिंग, ३०,००० युरोचं कव्हर असलेला विमा, हे सगळं बघून राग येतो. मलाही येतो. ११ जून २०२४ पासून फी ९० युरो झाली, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सेंटरचे सर्व्हिस चार्जेस वेगळे, आणि नाकारला तर एक पैसा परत नाही. चौघांच्या घराचा आकडा काढून बघा, एक छोटीशी ट्रिप त्यातच होईल.

पण त्यांचा हिशोब असा आहे की एकदा आत गेल्यावर चौकात कोणी विचारणार नाही, तेव्हा जे काय विचारायचं ते आधीच. अर्ज वाचणारा मुख्यतः दोन गोष्टी शोधतो, हा माणूस सांगतोय त्याच कामासाठी चाललाय का आणि हा परत येईल का. खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक दोन लाख आले तर त्याने विश्वास वाढत नाही, कमीच होतो. नकार आलाच तर लेखी कारण देतात, अपील करता येतं, पण ती नोंद सगळ्या २९ देशांना दिसते, त्यामुळे "जर्मनीने नाकारला, आता स्पेनला टाकू" करताना आधीचा नकार लपवू नका.

थोडं बरं पण झालंय. १८ एप्रिल २०२४ ला युरोपियन कमिशनने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमात राहून वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर. म्हणून पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवीन करा. तसाही तो गेल्या दहा वर्षांतला आणि परतीनंतर किमान तीन महिने चालणारा लागतोच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवस आधीपर्यंत, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याच्या अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते, तेव्हा १५ दिवसांच्या भरवशावर बसू नका.

तर मावशीचं काय झालं

तिकीट बदललं, २१ जूनचं केलं. २३ चं का नाही? कारण त्या दिवशी विमान रद्द झालं तर चूक कोणाचीही असो, ताट मावशीचंच वाढलं जाणार. बदलायचे पैसे पडले, ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, जणू नियम मीच केलाय. पुढचे तीन आठवडे बाळाला कोण बघणार हा प्रश्न होता, तर विहीणबाई १९ जूनला जातायत. त्या याआधी गेलेल्याच नाहीत आणि दिवस माणसागणिक मोजतात, घरागणिक नाही, तेव्हा त्यांची पंगत अख्खी रिकामी आहे.

आता भांडण सामानावरून चाललंय. मावशीला दोन किलो साजूक तूप आणि डझनभर हापूस न्यायचाय. तूप म्हणजे दुधाचा पदार्थ, तो बाहेरून युनियनमध्ये नेता येत नाही. ताज्या फळांना रोग-किडीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्यूरियन ह्या पाचांना. २०१४ मध्ये तर फळमाशी सापडली म्हणून त्यांनी भारतातल्या आंब्यावर काही महिने बंदीच घातली होती. हे सगळं मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं, मेतकूट तरी जाऊ देतील ना, का त्यालाही ९० दिवस?